धामणीचा कठडा

सागवानाचा तिसरा तुकडा मोडला, तो आवाज मी ओढ्यावर कपडे धूत असताना ऐकला. रानात कुणी बार काढला असंच वाटलं. पाठोपाठ मालकांचा आवाज आला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओले कपडे दगडावर टाकले आणि धावत चढ चढून वर गेले.

मालक लाकडाच्या ढलप्यांत बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि मनगटाच्या थोडं वर, जिथं माणसाचा हात वळत नाही तिथं तो वळला होता. बाजूला निखाऱ्यांची लांब चर धुमसत होती. तिच्यावर भाजलेला तुकडा दोन होऊन पडला होता. वाकवता वाकवता तो मधोमध तुटला होता आणि त्याचं अर्धं टोक उलटून मालकांच्या हातावर बसलं होतं.

हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दोन महिने हाताला काम सांगायचं नाही, असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. मालकांना सांगून उपयोग नाही हे त्याला माहीत असावं.

कुळगीकडून काळी नदीच्या अंगानं जी वाट आत येते, तिच्यावर त्या साली एक बंगला उठत होता. रान बघायला येणारे साहेबलोक तिथं उतरणार होते. बंगल्यापुढं नदीच्या बाजूला फळ्यांचा मोठा उघडा सज्जा होता. वर छप्पर नाही, खाली सरळ उतार. त्या सज्ज्याला कठडा हवा होता. नकाशा काढणाऱ्यानं सज्ज्याचे दोन्ही कोपरे गोल काढले होते आणि कठड्याच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या त्या कोपऱ्यांवरून न तुटता वळत जाव्यात असं दाखवलं होतं. म्हणजे वाकवलेले चार तुकडे. बाकी सगळं सरळ काम.

त्या चार तुकड्यांवरून मालकांचं आणि मेस्त्रीचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं. मेस्त्री बेळगावकडचा, बंगल्याचं सगळं काम त्याच्या हाताखाली. तो म्हणायचा, जाड ओंडका घ्या, करवतीनं त्यातून बाक कापून काढा, झालं. मालक म्हणायचे, कापलेल्या बाकात लाकडाचा धागा ठिकठिकाणी तुटतो. पाणी तिथूनच आत शिरतं. दोन पावसाळे जातील, तिसऱ्याला कुणीतरी रेलेल आणि कठड्यासकट खाली जाईल. म्हणून ते सागवान विस्तवावर तापवून वाकवायला बघत होते. पण ते सागवान कधीचं कापलेलं आणि पार वाळलेलं. शिवाय नुसत्या निखाऱ्यावर वरून करपायचं आणि आतून कोरडंच राहायचं.

हात बांधल्याच्या तिसऱ्या दिवशी मेस्त्री आमच्या अंगणात आला. मालक ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी दाराच्या आत तांदूळ निवडत होते.

"दोन महिने तुमचं काय खरं न्हाई," मेस्त्री म्हणाला. "बेळगावची माणसं बोलावून घेतो. कोपरे कापून बसवतो. उगं वाकवायच्या नादाला लागलासा."

"कापलेलं टिकायचं न्हाई," मालक म्हणाले.

"टिकतंय का न्हाई, ते मी बघतो. नांगर, पाळणं, देवाचा पाट, एवढं तुमचं काम. बंगल्याचं काम येगळं असतंय. ह्या रानातल्या सुताराला ते जमायचं न्हाई, हे मी आदीच वळखायला पायजे होतं."

मालक गप्प राहिले. मेस्त्रीच्या बोलण्यापेक्षा ते गप्प राहणं मला लागलं. जू अर्धं बोट तिरकं झालं म्हणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडून टाकणारा हा माणूस, आणि आता कामट्यांकडे बघत बसला होता.

सूप खाली ठेवून मी दारात आले. "कापू नका," मी म्हणाले. "मी वाकवून देते."

मेस्त्रीनं माझ्याकडे बघितलंच नाही. मालकांनाच म्हणाला, "काय म्हणत्यात ह्या?"

"ऐकायला आलं न्हाई का?" मी म्हणाले. "पंधरा दिवस द्या. जमलं न्हाई तर कापा."

तो हसला. पंधरा दिवस त्याचे तसेही जाणार होते, तिकडून माणसं यायला तेवढा वेळ लागणारच होता. हसत हसत तो अंगणाबाहेर गेला. जाताना "बरं" म्हणाला की नुसती मान हलवली, ते मला आता आठवत नाही. मी ते "बरं" धरलं.

माझं हे बोलणं हवेतलं नव्हतं. माझं माहेर गुंदकडचं. वडीलही सुतार, पण ते जास्त करून कावडी करायचे. कावडीचा दांडा धामणीच्या झाडाचा. धामण म्हणजे आमच्याकडे साप आणि झाड, दोन्ही. झाडाला ते नाव का पडलं, हे त्याचा ओला दांडा हातात घेतला की कळतं. ओझ्याखाली वाकतो, ओझं उतरलं की सरळ होतो. पण वाकवलेलं तसंच राहावं असं वाटलं, तर वडील ओलं लाकूड वाफेवर धरायचे. जाळ घालायला घरात दुसरं कुणी नसायचं, म्हणून मी बसायचे. किती वेळ जाळ घालायचा, केव्हा लाकूड "मऊ बोलायला लागतं", हे त्यांनी मला शिकवलं नाही. मुलीला कोण शिकवतो? मी बघितलं, एवढंच.

मेस्त्री गेल्यावर मालक म्हणाले, "तुला काय येतंय ते मला ठाऊक न्हवतं."

"तुमी कवा इचारलंसा?"

त्या दिवशी जेवणापर्यंत आमच्यात बोलणं झालं नाही.

खरा विरोध घरातून झाला. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती वाऱ्यानं उडून जातील इतक्या बारीक होत्या, पण घरातली वाटीसुद्धा त्यांच्या शब्दाशिवाय हलत नसे. मी वाकस उचलला, तशा त्या चुलीपासून उठून आल्या. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. सुताराच्या घरात बाईनं हत्यार ओलांडायचं नाही, मग हातात घेणं तर दूरच.

"ठेव ते," आत्ती म्हणाल्या.

"आत्ती, ह्यांचा हात मोडलाय."

"हात मोडला म्हणून घराची रीत मोडायची का? लोक काय म्हणतील?"

"लोक त्या कठड्याला धरून उभं ऱ्हाणार न्हाईत. जे ऱ्हातील ते खाली पडू नयेत, एवढंच बगायचं हाय."

आत्तींनी मालकांकडे बघितलं. मालकांनी डाव्या हातानं तंबाखू मळायचा प्रयत्न चालवला होता, ती सांडत होती. ते मान वर न करता म्हणाले, "घेऊ दे." आत्ती आत गेल्या. तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाढलेलं ताटसुद्धा त्या जमिनीवर जरा आपटूनच ठेवत.

दुसऱ्या दिवशी मी बंगल्याच्या कामावर गेले. गाडीवाट रुंद करताना पाडलेली झाडं एका बाजूला पडली होती आणि त्यांत दोन धामणी होत्या. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांनी त्या बघितल्या होत्या. साल अजून ओली होती, नखानं खरवडली की चिकट पाणी यायचं. मी मेस्त्रीला म्हणाले, "ह्या दोन झाडांतलं लाकूड पायजे."

"कागदावर सागवान लिवलंय."

"सरळ कामाला सागवान लावा. कोपऱ्याला हे."

"ते जळण हाय," तो म्हणाला.

"मग जळणच द्या मला."

त्याच्या हाताखालची दोन माणसं हसली. त्यांच्यासमोर मेस्त्रीनं, नेऊन टाका, अशा अर्थानं हात झटकला. बुंधे आम्ही त्याच दिवशी घरी आणले. आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या पाच बायका. त्या रोज वाटेवर खडी टाकायच्या कामाला जायच्या, ओझ्याची सवय होती. त्यांच्यापैकी एकीनं विचारलं, "हे लाकूड वाकवताना वढायला माणसं कोन?" मेस्त्रीची माणसं येणार नाहीत, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "वडायचंच हाय न्हवं? बैल बी वडतंय. आमाला काय झालंय?"

बुंधे उभे चिरून दिले ते गावातल्याच दोघा करवत्यांनी. मालक डाव्या हातानं सुतळी धरून रेघ दाखवत होते. गाठ नसलेला, सरळ धाग्याचा भाग तेवढा घ्यायचा, बाकी सोडायचा. मी तासत होते. तीन बोटं जाडी, चार बोटं रुंदी, पाच हात लांबी. माझं तासणं बघून मालकांच्या तोंडचं पाणी पळायचं. एकदा त्यांना राहवलं नाही, डावा हात पुढं आला आणि ते वाकस माझ्या हातातून ओढून घ्यायला लागले. मी सोडला नाही.

"हात माजा न्हाई तर डोस्कं तरी माजं वापर," ते म्हणाले.

"डोस्कं तुमचं घेते. वाकस सोडा."

त्यांनी सोडला. मग ते उकिडवे बसले आणि नुसतं सांगत राहिले. कुठं धागा उचलतोय, कुठून उलटा तास. आमचं इतकं बोलणं त्याआधीच्या नऊ वर्षांत झालं नसेल.

वाफेसाठी मी भेरली माडाचं खोड घेतलं. त्याचा आतला गर पोखरून आमच्याकडे पाण्याची पन्हाळ करतात. तशा एका पन्हाळीवर दुसरी पालथी घालून काथ्यानं बांधली, की लांब नळा होतो. दोन्ही तोंडांना गवताचे बोळे. नळा दगडांवर ठेवला, खाली चूल मांडली, चुलीवर भात उकडायचा तांब्याचा मोठा हंडा, आणि हंड्याच्या तोंडातून बांबूची नळी वर नळ्यात. लाकूड आत सरकवलं आणि जाळ घातला.

वाफ निम्मी बाहेरच जात होती. मी चिखल लावला, तो वाळून तडकला. परत लावला, परत तडकला. आत्ती ओट्यावरून बघत होत्या. शेवटी उठल्या, आत गेल्या, नाचणीच्या पिठाचा गोळा भिजवून आणला आणि माझ्या हातात दिला.

"भाताला झाकण कशानं लिंपतेस?" तीन दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या त्या अशा. "वाफ चोर असती. चिखलाला ती भीत न्हाई."

पिठानं लिंपल्यावर नळा फुसफुसायचा थांबला. दोन पायल्या नाचणी दळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ जाळ घातला. अंगणात आधीच वळण आखून घेतलं होतं. मधे खुंटी, दोन हात दोरी, तिनं जमिनीवर काढलेला बाक, आणि त्या बाकावर जाड मेखा ठोकून आत दगड-लाकडाचा भराव. लाकूड त्या भरावाभोवती वळवायचं.

बायकांनी हाताला ओलं गोणपाट गुंडाळलं. बोळा काढला, लाकूड ओढलं, एक टोक मेखेत अडकवलं आणि दुसऱ्या टोकाला दोर बांधून ओढायला लागलो. वळलं. अर्ध्याच्या पुढं वळलं. मग बाहेरच्या अंगाला एक बारीक करकर झाली आणि साल सोलल्यासारखी लांब ढलपी उचकटून वर आली.

नेमका तेव्हाच मेस्त्री अंगणाच्या तोंडाशी उभा होता. कधी आला कळलं नाही. म्हणाला, "हे बी जळणच की." आणि गेला.

बायका पदरानं घाम पुसत बसल्या. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत वाफेनं कातडं लाल झालं होतं. मला रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मी तो फाटका तुकडा उचलून चुलीत घालायला निघाले.

"थांब," मालक म्हणाले. "दाव इकडं."

त्यांनी तुकडा गुडघ्यावर घेतला आणि डाव्या हाताची बोटं त्याच्या आतल्या अंगावरून फिरवली. मग बाहेरच्या. बराच वेळ.

"आतल्या अंगाला काय बी झालं न्हाई," ते म्हणाले. "बारीक चुण्या पडल्यात, तेवढंच. लाकूड दबायला तयार हाय. ताणायला तयार न्हाई. बाहेरनं ताण आला की फाटतंय."

"मग बाहेरनं ताण येऊच द्यायचा न्हाई," मी म्हणाले.

"कसा?"

"त्याला पट्टा बांदायचा. लोकंडाचा. दोनी टोकं पट्ट्यात घट्ट. मग बाहेरनं लांब व्हायला जागाच न्हाई. सगळं आतनं दबंल."

मग दोघांची नजर एकदमच गोठ्याकडे गेली. तिथं आमची बैलगाडी उभी होती. चाकाभोवती लोखंडाची जी गोल पट्टी असते तिला धाव म्हणतात. घरात तेवढं लांब आणि चिवट लोखंड दुसरं नव्हतं. पण धाव काढली की गाडी बसली. त्या दिवसांत आमच्याकडे गाडी बसली म्हणजे माणूस बसला.

मालकांनी स्वतःच सांगितलं, "डाव्या चाकाची काढ. उजव्याची अजून नवी हाय."

लोहारानं धाव तोडून सरळ केली, दोन्ही टोकं आत काटकोनात वळवून दिली. त्या दोन टोकांमध्ये लाकूड अगदी दाबून बसलं पाहिजे, नखसुद्धा जाता कामा नये. दुसरा तुकडा मी तसा बसवून बघितला, मग वाफेला घातला. ह्या खेपेला जाळ मी हलू दिला नाही. आत्ती जवळच्या पाटावर बसून लाकडं पुढं सारत होत्या.

बाहेर काढलं, पट्टा चढवला, टोक मेखेत, आणि पाचही बायका दोराला. मी बाहेरून पहारेनं लाकूड भरावावर दाबत होते. लाकडातून एक खोल कण्हल्यासारखा आवाज आला आणि सगळ्यांचे हात थांबायला लागले.

"थांबू नका," मालक ओरडले. "ते मोडायचं न्हाई. ते दबायचं हाय. वडा."

ओढलं. लाकूड वळत गेलं आणि भरावाला जाऊन भिडलं. दुसरं टोक मेखेत अडकवून पाचर ठोकली तेव्हा एक बाई मटकन खालीच बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. आत्तींनी तिला पाणी दिलं. मी पट्ट्याच्या कडेकडेनं बाहेरच्या अंगावर ओलं फडकं फिरवलं. एकही चीर नव्हती.

वळलेलं लाकूड सुटल्यावर थोडं मागं येतं, म्हणून हव्या त्यापेक्षा दोन बोटं जास्त वळवायचं, हे वडिलांचं मला आठवत होतं. दोन दिवस ते मेखांत ठेवलं, सुटलं तेव्हा आखलेल्या रेघेवर बसलं. पुढचे तीन तुकडे एकामागून एक झाले. तिसऱ्याला टोकाशी एक गाठ राहून गेली होती, तिथं किंचित तडा आला. तो टाकून दुसरा केला. पंधरा दिवसांत चार तुकडे झाले, एक दिवस शिल्लक होता.

मग त्यांना डिंबेल लावलं. काजूच्या बियांच्या टरफलांचं हे काळं तेल गोव्याकडचे व्यापारी आणायचे, होड्यांना लावतात. लाकडाला त्यानं कीड लागत नाही, पाणी धरत नाही. हाताला लागलं तर साल निघते. माझ्या दोन बोटांची निघाली.

तुकडे डोक्यावर घेऊन आम्ही सहाजणी बंगल्यावर गेलो. मेस्त्रीनं एकेक तुकडा नकाशातल्या मापाच्या फळीवर ठेवून बघितला. चारही बसले. त्यानं अंगठ्यानं बाहेरचं अंग दाबून बघितलं, वास घेतला, परत फळीवर ठेवला.

"बसवून घ्या," एवढंच तो म्हणाला. हे तो आपल्या माणसांना म्हणाला.

"जोड मी बगणार," मी म्हणाले. "सागवान आणि धामण कुठं भेटतंय तितं उबा जोड घालू नका. तिरका घाला. उब्या जोडात पाणी ऱ्हातं."

ह्या वेळी त्यानं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

काम बघायला साहेब आला तेव्हा पावसाचे ढग धरायला लागले होते. गोरा, उंच, उन्हानं नाक सोललेला. सज्ज्यावर गेला, कठड्याजवळ उभा राहिला, कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकून रेलला. मग हलवून बघितला. मग वाकून पट्टीची खालची बाजू बघितली. त्याला थोडी मराठी येत होती.

"हे कोण केला?"

"सुतारानं केलं, साहेब," मेस्त्री म्हणाला आणि त्यानं मालकांकडे बोट दाखवलं.

मालक कठड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, मी त्यांच्या मागं. मी पुढं येऊन म्हणाले, "मी केलं."

मेस्त्री घाईघाईनं म्हणाला, "म्हंजे घरातल्यांनी मदत केली, साहेब. बायामाणसं जाळ घालायला असत्यातच."

मी मालकांकडे बघितलं नाही. खरं सांगते, बघायची भीती वाटली. तो माणूस त्या क्षणी नुसता गप्प बसला असता, तरी काम त्याच्या नावावर झालं असतं आणि कुणी त्याला बोललं नसतं. पण मालकांनी कामट्यांत बांधलेला उजवा हात वर उचलला.

"साहेब, ह्या हातानं मला तांब्या धरता येत न्हाई," ते म्हणाले. "हिनं केलं. मी नुसता बसून बोलत हुतो."

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मग मेस्त्रीला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. मी मेस्त्रीला विचारलं, "काय म्हणाले?"

"काय न्हाई," मेस्त्री म्हणाला.

साहेब काय म्हणाला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण जाताना त्यानं दुसऱ्या कोपऱ्यावरही एकदा भार टाकून बघितला.

गावात मात्र हे सरळ गेलं नाही. भाऊबंदांतले चार मोठे लोक घरी आले. बाईनं हत्यार धरलं, तेही उघड्यावर, परक्यांसमोर. आता देवाला नारळ ठेवून, सगळ्यांना जेवण घालून चूक कबूल करा, असं त्यांचं म्हणणं. मालक ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. मी आतून म्हणाले, "जेवाण घालते. पर चूक झाली म्हणून न्हाई. काम झालं म्हणून. याल का?"

ते आले नाहीत. वर्षभर कुणाच्या लग्नाचा पाट आमच्याकडे आला नाही, नवीन नांगर शेजारच्या गावी जाऊ लागले. गाडीला नवी धाव चढवायलाही आम्हाला खूप दिवस लागले. आत्तींना देवळात बायका बाजूला बसवायच्या. मला वाटलं, आत्ती आता मला बोलतील. एकदा त्या देवळातून आल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "त्यांनी इचारलं, सुनेला आवरत का न्हाई. मी म्हनलं, माज्या सुनेनं केलंय तसं तुमच्या ल्योकांनी करून दावावं, मग आवरते." एवढं सांगून त्या चुलीपाशी गेल्या.

दुसऱ्या वर्षी भाताची कापणी उरकली आणि मेस्त्री अंगणात आला. नदीच्या वरच्या अंगाला आणखी एक बंगला होणार होता, त्याच्या बाहेरच्या जिन्याला दोन वळणं होती. तो ओट्यावर मालकांशेजारी बसला आणि मालकांना सांगायला लागला, वळण किती, लाकूड किती, केव्हापर्यंत.

मालकांचा हात तोवर जुळला होता, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. पुढंही कधी मिटली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला काय सांगतासा? तिला इचारा."

मेस्त्रीनं घसा खाकरला. मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. उभी राहिले नाही. सुताराच्या घरातली बाई परक्या पुरुषासमोर ओट्यावर बसत नसे, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

"अक्का," तो म्हणाला, "जिना हाय."

"लाकूड मी निवडणार," मी म्हणाले. "उबं झाड बगून. वाळलेलं घेणार न्हाई. वढायला ह्याच पाच बाया येतील, आनि त्यांचा रोज तुमच्या गड्यांएवढाच. आनि कुनी इचारलं तर तुमी माजंच नाव सांगायचं."

"येवढ्या अटी कापून काढणारा सुतार बी घालत न्हाई."

"मग कापून घ्या की."

आत्तींनी त्याला ताक आणून दिलं. ताक पिऊन झाल्यावर त्यानं नकाशा उलगडला आणि पहिल्यांदाच माझ्या बाजूला सरळ करून धरला. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. लिहायला-वाचायला मी फार पुढं, थोरल्या मुलीच्या पाटीवर शिकले. पण रेघा मला कळत होत्या. मी बोट ठेवून म्हणाले, "हे वरचं वळण हितं फार आवळलंय. एवढं जाड लाकूड येवढ्यात वळायचं न्हाई. जाडी कमी करा, न्हाईतर वळण सैल करा."

मेस्त्रीनं मालकांकडे बघितलं. मालक सुपारी कातरत होते, डाव्या हातानं, आता सवय झाली होती. मेस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली आणि वळण सैल केलं.